इंकस्केप : पोटापाण्याचे डिझाइन आणि प्राणिरक्षणाचे काम एकाच साधनावर करणाऱ्या बडोद्याच्या डिझायनरचा अभिप्राय

इंकस्केप हे वेक्टर चित्रे, म्हणजे कितीही मोठी केली तरी धूसर न होणारी रेषा-आकारांची चित्रे, काढण्याचे मुक्त आणि विनामूल्य सॉफ्टवेअर आहे. बडोद्यात डिझाइनचा व्यवसाय करत असतानाच येथील प्राणिरक्षणाच्या गटांसाठी पोस्टर, पत्रके आणि फलक तयार करण्याचे जे काम मी अनेक वर्षे करत आले आहे, ते बहुतांशी त्याच्यावरच झालेले आहे. कोणत्याही सॉफ्टवेअरचे मूल्यमापन त्यातील सोयींची यादी देऊन करता येते. परंतु ज्याला दिवसा पैसे देणाऱ्या ग्राहकाचे काम करायचे असते आणि संध्याकाळनंतर पैसे देऊ न शकणाऱ्या गटाचे, त्याला एक प्रश्न सतत पडत राहतो : मी केलेली फाइल माझ्यानंतर कोण उघडू शकणार आहे? मी इंकस्केपकडे मुख्यतः या प्रश्नाच्या अंगाने पाहिले आहे आणि या लेखातील बरीवाईट मते त्यातूनच आलेली आहेत.

आधी कामाचे स्वरूप सांगितले पाहिजे, कारण साधन त्या कामाला पुरते की नाही हे त्यावरच ठरते. बडोद्यात प्राणिरक्षणाचे काम ऋतूंबरोबर बदलते. जानेवारीत १४ तारखेची उत्तरायण आणि १५ तारखेची वासी उत्तरायण असे दोन दिवस आकाश पतंगांनी भरलेले असते आणि मांजाने पंख कापलेली कबुतरे, घारी आणि शराटी कुठल्या ना कुठल्या गच्चीवर किंवा झाडात अडकलेल्या सापडतात. जखमी पक्ष्यांना वाचवण्याचे गुजरात शासनाचे करुणा अभियान साधारणपणे १० ते २० जानेवारी या काळात चालते, १९६२ या क्रमांकावर पशुवैद्यकीय रुग्णवाहिका बोलावता येते, आणि ही माहिती घरोघरी पोहोचवणारी पत्रके डिसेंबरअखेरपर्यंत छापून तयार असावी लागतात. पावसाळ्यात विश्वामित्रीला पाणी चढले की मगरींचा विषय पुढे येतो. ऑगस्ट २०१९ आणि ऑगस्ट २०२४ च्या पुरांत मगरी थेट वस्त्यांमध्ये आल्या होत्या आणि अशा वेळी सूचनाफलक काही तासांत करून द्यावा लागतो. उरलेले सारे वर्ष रस्त्यावरच्या कुत्र्यांचे असते : निर्बीजीकरण, रेबीजची लस, सोसायट्यांमधले वाद आणि त्या वादांत दोन्ही बाजूंना समजेल अशा भाषेत नियम मांडणारे कागद.

या गटांमध्ये माणसे टिकून राहत नाहीत, आणि त्यात कोणाचा दोष नसतो. १९५० साली सुरू झालेल्या येथील फॅकल्टी ऑफ फाइन आर्ट्ससारखी संस्था शहरात असल्यामुळे दरवर्षी उत्साही विद्यार्थी मिळतात, ते दोनतीन वर्षे मनापासून काम करतात आणि शिक्षण संपले की नोकरीसाठी अहमदाबाद, मुंबई किंवा बंगळुरूला निघून जातात. त्यांच्यामागे उरतात त्या फाइली. त्या जर मासिक किंवा वार्षिक वर्गणीवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरच्या खास स्वरूपात असतील आणि पुढच्या स्वयंसेवकाकडे ती वर्गणी नसेल, तर चांगले केलेले पोस्टरदेखील केवळ एक जेपीईजी चित्र बनून राहते. त्यातली तारीख बदलता येत नाही आणि दूरध्वनी क्रमांकही दुरुस्त करता येत नाही. मग कोणीतरी त्या चित्रावर पांढरी पट्टी ओढून नवा क्रमांक टाइप करतो आणि ते पोस्टर तसेच छापले जाते. गटाच्या कामाबद्दल लोकांच्या मनात जो विश्वास असायला हवा, तो अशा पट्टीमुळे कमी होतो असे माझे स्पष्ट मत आहे.

इंकस्केपची फाइल एसव्हीजी या स्वरूपात जतन होते. हे स्वरूप एका कंपनीच्या मालकीचे नाही. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने ते २००१ मध्ये मानक म्हणून जाहीर केले. मुळात ती मजकुराची साधी फाइल असते, त्यामुळे कोणत्याही ब्राउझरमध्ये ती दिसते आणि अगदीच वेळ आली तर साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून त्यातील क्रमांक बदलता येतो. इंकस्केप स्वतः २००३ मध्ये सोडिपोडी नावाच्या प्रकल्पातून वेगळे झाले, त्याची १.० ही आवृत्ती मे २०२० मध्ये आली, आणि ते विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालते. जुन्या आवृत्तीत काढलेली पत्रके नव्या आवृत्तीत उघडताना क्वचित एखाद्या ओळीची उंची किंचित सरकते, पण काम वाया जात नाही. ज्या विद्यार्थ्याकडे घरातला जुना लॅपटॉप एवढेच भांडवल आहे, त्याच्या हाती संपूर्ण मोहीम सोपवता येणे ही माझ्या लेखी या सॉफ्टवेअरची सर्वांत मोठी गुणवत्ता आहे.

या गुणाची किंमत कुत्र्यांच्या पत्रकांत विशेष कळते, कारण तेथील नियम अलीकडच्या काळात वारंवार बदलले. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा मूळ कायदा १९६० चा आहे. त्याखालील निर्बीजीकरणाचे २००१ चे नियम जाऊन २०२३ मध्ये नवे नियम आले. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आधी दिल्ली परिसरातील कुत्रे निवारागृहांत हलवण्याचा आदेश दिला, २२ ऑगस्टला त्यात बदल करून निर्बीजीकरण आणि लसीकरण झालेले कुत्रे, रेबीजग्रस्त किंवा आक्रमक नसतील तर, मूळ जागी परत सोडण्यास सांगितले, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वेस्थानके अशा आवारांसाठी पुन्हा वेगळा आदेश आला. ‘कुत्रा पकडला जाईल तेथेच परत सोडला पाहिजे’ असे एक वाक्य छापलेले पत्रक अशा वेळी अपुरे ठरते, आणि अपुऱ्या पत्रकाच्या आधारावर सोसायटीच्या सभेत भांडणारा कार्यकर्ता अडचणीत येतो. म्हणून अशी पत्रके मी मजकूर, चित्र आणि संपर्क असे तीन स्वतंत्र लेयर, म्हणजे एकावर एक असलेले थर, करून ठेवते आणि मजकुराच्या लेयरच्या नावातच तो कोणत्या महिन्यापर्यंत तपासलेला आहे हे लिहिते. इंकस्केपमध्ये लेयरची यादी उजवीकडे उघडी ठेवता येते, त्यामुळे पुढच्या माणसाच्या नजरेला ती तारीख पहिल्यांदा पडते.

आता लिपीविषयी, कारण बडोद्यात काम करणाऱ्या डिझायनरला यातून सुटका नाही. पत्रक गुजरातीत तर हवेच असते, हिंदीतही हवे असते, आणि दांडियाबाजार किंवा रावपुरा भागातल्या जुन्या मराठी घरांसाठी आम्ही ते मराठीतही काढतो. इंकस्केपमध्ये युनिकोड या सर्वमान्य अक्षरसंकेतातली देवनागरी आणि गुजराती दोन्ही नीट उमटतात; जोडाक्षरे तुटत नाहीत, रफार आपल्या जागी बसतो, आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या योग्य बाजूला येते. हे वाचून कोणाला विशेष वाटणार नाही, परंतु येथील अनेक छापखान्यांत आजही युनिकोडपूर्व गुजराती फॉन्टांत टाइप करण्याची पद्धत आहे आणि तो मजकूर दुसऱ्या फॉन्टमध्ये नेला की निरर्थक चिन्हांची रांग होते. म्हणजे छापखान्यात टाइप केलेला मजकूर पुढच्या वर्षी आपल्याला वापरता येत नाही. मजकूर पहिल्यापासून युनिकोडमध्ये आपल्याकडे असणे हा त्यावरचा उपाय आहे, आणि इंकस्केप ती शिस्त सहज पाळू देते.

दोन लिप्या एका कागदावर शेजारी बसवणे हे मात्र सॉफ्टवेअर आपल्यासाठी करत नाही. देवनागरीला शिरोरेषा आहे, गुजरातीला नाही; त्यामुळे एकाच पॉइंटमध्ये लावलेल्या दोन ओळींपैकी देवनागरीची ओळ अधिक काळी आणि भरीव दिसते आणि गुजराती वाचकाला आपला मजकूर दुय्यम ठेवला आहे असे वाटू शकते. एक टाइप या मुंबईच्या गटाने केलेली मुक्ता ही फॉन्टमालिका या बाबतीत फार उपयोगी पडते : देवनागरीसाठी मुक्ता आणि गुजरातीसाठी मुक्ता वाणी, दोन्ही सात वजनांत, म्हणजे अक्षरांच्या सात जाडींत, मुक्त परवान्याखाली उपलब्ध, आणि एकमेकांशेजारी ठेवल्यावर एकाच घरातले वाटणारे. तरीही शीर्षकात मी गुजरातीला एक वजन जास्त देते. ओळींमधले अंतर हा दुसरा मुद्दा आहे; देवनागरीत वर अनुस्वार आणि मात्रा, खाली उकार, अशी दोन्हीकडे चिन्हे येतात, त्यामुळे रोमन लिपीला पुरणारे अंतर येथे कमी पडते. इंकस्केपमध्ये हे अंतर मजकुराच्या पट्टीतूनच बदलता येते, पण परिच्छेदाच्या शैली जतन करून ठेवण्याची सोय त्यात नाही. एका पानाच्या पोस्टरला याची गरज पडत नाही. सोळा पानांची पुस्तिका करताना प्रत्येक परिच्छेद हाताने जुळवावा लागतो आणि तेथे हे साधन अपुरे आहे हे मान्य केले पाहिजे. मे २०२२ च्या १.२ आवृत्तीपासून एका फाइलमध्ये अनेक पाने ठेवता येतात, तरी त्यामुळे ते पुस्तके जुळवण्याचे साधन होत नाही.

चित्रे काढण्याच्या बाजूने इंकस्केप अतिशय समर्थ आहे, आणि हे मी मगरींच्या फलकांवरून सांगते. विश्वामित्रीतली मगर रुंद मुस्कटाची आहे; तिच्या जागी लांब निमुळत्या तोंडाची सुसर काढली तर नदीकाठी राहणारा माणूस पहिल्या नजरेत फलक नाकारतो. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे उन्हात पडलेली मगर शरीराचे तापमान सांभाळण्यासाठी पुष्कळ वेळ तोंड उघडे ठेवून पडलेली असते. बाजारात मिळणाऱ्या तयार चित्रांत उघड्या जबड्याची मगर नेहमी चाल करून येणारी दाखवलेली असते, आणि तीच चित्रे फलकावर गेली की काठावर शांत पडलेल्या प्राण्याला पाहून लोक दगड उचलतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याविषयी आपण काढलेल्या चित्रातून चुकीची भीती पसरत असेल, तर ती जबाबदारी डिझायनरची आहे. म्हणून आम्ही मगर पाण्याच्या रेषेवर, केवळ डोळे आणि नाकपुड्या दिसतील अशी काढली, शेजारी माणसाची आकृती सुरक्षित अंतरावर ठेवली, आणि वनविभागाला कळवण्याची सूचना चित्राखाली एकाच ओळीत दिली.

अशा चिन्हचित्रांसाठी नोड, म्हणजे रेषेला आकार देणारे बिंदू, यांचे संपादन हे इंकस्केपचे बलस्थान आहे. जुलै २०२३ च्या १.३ आवृत्तीत आलेल्या शेप बिल्डर साधनामुळे एकमेकांवर आलेल्या आकारांतून हवा तो तुकडा केवळ निवडून जोडता किंवा वगळता येतो. मगरीची पाठ आणि पाण्याची लाट यांची सीमा काढायला पूर्वी जी खटपट करावी लागे ती त्यामुळे उरली नाही. क्लोन ही सोयदेखील मोहिमांसाठी फार मोलाची आहे. एका मूळ चित्राचे क्लोन करून ते पोस्टर, समाजमाध्यमांवरचा चौकोनी तुकडा आणि रिक्षामागे लावायची पट्टी अशा तीन पानांवर ठेवले, तर मूळ चित्रात केलेली दुरुस्ती तिन्ही ठिकाणी आपोआप उतरते. बारकोडच्या विभागात क्यूआर कोडही तेथल्या तेथे तयार होतो, त्यासाठी दुसऱ्या कुठल्या सेवेकडे जावे लागत नाही.

छायाचित्रापासून रेषाचित्र करण्याचे ट्रेस बिटमॅप हे साधन मी विशेष आदराने वापरते, कारण त्यामागे एक भूमिका आहे. जखमी पक्ष्याचे रक्ताळलेले छायाचित्र लोकांना क्षणभर हलवते हे खरे, पण शाळेच्या भिंतीवर ते लावता येत नाही, लहान मुलांच्या हाती देता येत नाही, आणि वारंवार पाहिल्यावर माणूस मान वळवायला शिकतो. पत्रकाचे काम दुःख दाखवून संपत नाही. मांजात अडकलेला पक्षी सापडल्यावर दोरा ओढू नये, पक्ष्याला हवेसाठी छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात शांत आणि अंधाऱ्या जागी ठेवावे, जबरदस्तीने पाणी पाजू नये आणि ताबडतोब मदत बोलवावी, एवढे चार टप्पे वाचकाला आठवले पाहिजेत. छायाचित्रावरून ट्रेस करून, त्यातले नको ते नोड काढून टाकून उरलेली दोनतीन रेषांची आकृती हे चार टप्पे फार स्वच्छपणे सांगते. ट्रेसने निघालेले चित्र तसेच वापरू नये, ते हाताने पुन्हा आखावे, एवढी सूचना नवशिक्यांना करावीशी वाटते. यंत्राने काढलेल्या शेकडो नोडांमुळे फाइल जड होते आणि रेषेला जीव राहत नाही. नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने जुलै २०१७ मध्येच देशभर बंदी घातली आहे, ही ओळ मात्र प्रत्येक पत्रकावर ठळक असावी, कारण दुकानदाराशी बोलताना स्वयंसेवकाच्या हाती तोच आधार असतो.

छपाई हा इंकस्केपचा सर्वांत कच्चा भाग आहे आणि त्याविषयी मी सविस्तर लिहिणार आहे. १.४ या ऑक्टोबर २०२४ च्या आवृत्तीपर्यंत तरी त्यातून निघणारी पीडीएफ आरजीबी, म्हणजे पडद्याच्या लाल, हिरव्या आणि निळ्या, रंगांतच निघते. ऑफसेट छपाई निळसर, किरमिजी, पिवळी आणि काळी या चार शायांनी होते, त्यामुळे पडद्यावरचा झळझळीत हिरवा किंवा केशरी कागदावर उतरताना मंद होतो. रंग मंद होणे एक वेळ चालते. काळ्या अक्षरांचे मात्र नुकसान होते. आरजीबीतला काळा रूपांतरात चारही शायांचे मिश्रण बनतो, आणि चार प्लेटांपैकी एखादी केसभर सरकली तरी बारीक टाइपातील मात्रा आणि अनुस्वार धूसर होतात. दूरध्वनी क्रमांक वाचता येत नसेल तर पत्रकाचा सारा खटाटोप व्यर्थ आहे.

यावर दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे स्क्रायबस हे दुसरे मुक्त सॉफ्टवेअर. इंकस्केपमधील चित्र त्यात आणून तेथे अक्षरांना शुद्ध काळा देऊन सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शायांची, पीडीएफ काढता येते. जानेवारी २०२४ मधील १.६ आवृत्तीपासून स्क्रायबसमध्ये देवनागरी आणि गुजराती लिपीही व्यवस्थित लागते, त्यामुळे पुस्तिकेचा जो प्रश्न वर सांगितला तोही तेथेच सुटतो. दुसरा मार्ग मला अधिक प्रिय आहे : मोहिमेचे काम शक्यतो एकाच रंगात करावे. सुती कापडावर एका रंगात स्क्रीन प्रिंटिंगने छापलेला फलक वर्षानुवर्षे धुऊन वापरता येतो, आणि उत्तरायण संपल्यावर पीव्हीसीच्या फ्लेक्सचे तुकडे गटारात आणि गाईंच्या तोंडात जाण्याचे पाप प्राणिरक्षकांच्या माथी येत नाही. एकरंगी कामात रंगविभाजनाचा प्रश्नच उद्भवत नाही, आणि इंकस्केपमधून काढलेली काळी-पांढरी फाइल फिल्म काढणाऱ्याला जशीच्या तशी चालते.

शहरातील छापखान्यांशी व्यवहार करताना आणखी एक अडचण येते. बहुतेक ठिकाणी कोरलड्रॉ वापरले जाते आणि ऑपरेटर पहिल्या वाक्यातच त्याच्या सीडीआर स्वरूपातली फाइल मागतो. इंकस्केप सीडीआर फाइल बऱ्याच अंशी उघडू शकते, पण त्या स्वरूपात जतन करू शकत नाही. पीडीएफ देताना मजकुराचे पाथमध्ये, म्हणजे अक्षरांच्या बाह्यरेषांत, रूपांतर करण्याचा पर्याय निवडावा, ज्याला छापखान्यात ‘कर्व्ह करणे’ म्हणतात, आणि कर्व्ह न केलेली मूळ फाइल स्वतंत्र नावाने आपल्यापाशी ठेवावी. कडेने कापण्यासाठी तीन मिलिमीटर जास्तीची जागा सोडावी, १.३ पासून पानाला ब्लीड देण्याची सोय झाली आहे. एवढे पाळले की फाइल कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये केली हे ऑपरेटर पुन्हा विचारत नाही. एक तक्रार राहतेच : सावल्या, धूसरपणा आणि पारदर्शक थर भरपूर असलेल्या फाइली इंकस्केपमध्ये मंदावतात, आणि मोठ्या फलकावर काम करताना अधूनमधून जतन करण्याची सवय अंगी बाणवावी लागते.

डिझाइनच्या व्यवसायात या साधनाचा उपयोग किती, हा प्रश्न मला विद्यार्थी नेहमी विचारतात, आणि त्याचे प्रामाणिक उत्तर दोन भागांत द्यावे लागते. बडोद्यातील एजन्सी, औषध कंपन्यांचे वेष्टन विभाग आणि छापखाने नोकरी देताना इलस्ट्रेटर किंवा कोरलड्रॉ येते का हे विचारतात. केवळ इंकस्केपवर विसंबून मुलाखतीला जाऊ नये. परंतु वेक्टर रेखाटनाची मूलतत्त्वे, म्हणजे नोड, वक्ररेषा, आकारांची वजाबाकी आणि लेयरची रचना, सर्वत्र सारखीच असतात, आणि ती ज्याच्या हातात इंकस्केपवर बसली आहेत त्याला दुसरे साधन शिकायला फार दिवस लागत नाहीत. माझ्या स्वतंत्र व्यवसायात ग्राहक साधन विचारत नाहीत, वेळेवर मिळालेली आणि छापता येण्याजोगी फाइल मागतात.

दुसरा भाग कामांच्या संग्रहाचा आहे. प्राणिरक्षणासाठी केलेले काम नवोदित डिझायनरच्या संग्रहात काल्पनिक ब्रँडच्या लोगोंपेक्षा कितीतरी वजनदार ठरते, कारण त्यात खऱ्या अडचणी असतात : तीन भाषा, एक रंग, तुटपुंजा निधी, ठरलेली तारीख आणि घाईने चालणारा वाचक. मगरींच्या फलकांमुळेच मला मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याचे सुरक्षाफलकांचे काम मिळाले. त्या कामात आयएसओ ७०१० या मानकाच्या चिन्हांशी आमची स्थानिक चिन्हे जुळवायची होती, आणि धोका दाखवताना घबराट न पसरवण्याचा जो सराव नदीकाठच्या फलकांनी करून घेतला होता, तो तेथे पूर्णपणे उपयोगी पडला. संग्रहात असे काम मांडताना नुसते अंतिम चित्र लावू नये. अडचण काय होती, पहिल्या आराखड्यातील कोणती गोष्ट स्वयंसेवकांनी किंवा पशुवैद्याने नाकारली आणि तिच्या जागी काय आले, हे दाखवावे. एसव्हीजी फाइलमध्ये जुने लेयर लपवून ठेवता येतात, त्यामुळे हा प्रवास नंतर दाखवणे शक्य होते.

विनामोबदला कामालाही मी ग्राहकाच्या कामाचे नियम लावते, आणि तरुण सहकाऱ्यांनी तसे करावे असा माझा आग्रह असतो. कोणते माप, किती भाषा, मजकूर कोण तपासणार आणि किती वेळा बदल होतील हे सुरुवातीलाच लिहून घ्यावे. मजकुरातील प्रत्येक वैद्यकीय आणि कायदेशीर विधान त्या विषयातील जाणकाराने पाहिल्याशिवाय फाइल छापायला देऊ नये. कुत्रा चावल्यास जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवावी आणि लगेच लस घ्यावी, हे वाक्य ज्या पत्रकावर आहे, तेथे डिझायनरचा अंदाज चालत नाही. ज्या आठवड्यात पैसे देणारे काम जास्त असेल, त्या आठवड्यात गटाला तसे स्पष्ट सांगावे. उत्तरायणच्या दिवसांत मी व्यावसायिक कामे घेतच नाही आणि ग्राहकांना हे दिवाळीपूर्वीच कळवते. आजवर कोणी त्याबद्दल नाराजी दाखवलेली नाही, उलट दोघातिघांनी आपल्या कारखान्याच्या आवारात पत्रके लावण्यासाठी मागून घेतली.

इंकस्केप विकत घ्यावे लागत नाही, म्हणून त्याला काही द्यायचे नसते असे नव्हे. ते स्वयंसेवकांच्या श्रमावर चालते आणि त्याच्या देणग्या सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सी ही ना-नफा संस्था सांभाळते. ज्या व्यावसायिक कामात मी ते वापरते, त्यातील थोडा वाटा वर्षातून एकदा तिकडे पाठवते, आणि गुजराती किंवा देवनागरी मजकुरात काही बिघाड आढळला तर तो नमुना फाइलसह प्रकल्पाकडे नोंदवते. आपल्या लिप्यांतील अडचणी आपण कळवल्या नाहीत तर त्या दुसरे कोण कळवणार?

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी पहिल्याच दिवशी पोस्टर करायला घेऊ नये. एखाद्या गटाकडे असलेले जुने जेपीईजी पत्रक मागून घ्यावे, ते इंकस्केपमध्ये तळाच्या लेयरवर ठेवून कुलूपबंद करावे, आणि त्यावर युनिकोड मजकूर व स्वच्छ रेषा घालून ते पत्रक पुन्हा उभे करावे. गटाला बदलता येण्याजोगी फाइल मिळते आणि शिकणाऱ्याच्या हाताखालून साधनाची जवळजवळ सगळी अंगे जातात. बडोद्यात असे काम सुरू करायला दसऱ्यानंतरचे आठवडे चांगले, कारण डिसेंबरच्या मध्यापासून छापखान्यांत उत्तरायणच्या जाहिरातींची गर्दी सुरू होते आणि आपल्या चारपाचशे पत्रकांना मशीन मिळत नाही.